पितृत्व रजा: अर्ज कसा टाकायचा, आणि त्या पंधरा दिवसांत घरी काय करायचं

ईएल, म्हणजे अर्जित रजा, कुणी सोडत नाही. ती साठवतात, निवृत्तीला तिचे पैसे मोजून घेतात. सीएल, म्हणजे नैमित्तिक रजा, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात अशी संपवतात की सेक्शनमध्ये खुर्च्याच तेवढ्या उरतात. हक्काची असून न मागितल्यामुळे वाया जाणारी एकच रजा माझ्या टेबलावरून जाते, ती बापाची.

मी नागपुरात सेमिनरी हिल्सच्या बाजूला एका केंद्रीय कार्यालयात आस्थापना शाखेत बसतो. रजा, सर्व्हिस बुक, पगारवाढ, नॉमिनेशन, हे माझं खातं. पोट्टे हसत हसत मिठाईचा डबा घेऊन येतात. पूर्वी मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की बर्फी असा हिशेब होता. आता सगळेच संत्रा बर्फी आणतात, बरंच झालं. मी तुकडा उचलतो आणि विचारतो, "अर्ज कुठं आहे?" समोरचा म्हणतो, "कायचा अर्ज, काकाजी?"

स्त्री-पुरुष समानतेचा विषय निघाला की आमच्याकडचे पुरुष लगेच हिशेब मांडतात, आपल्या हातचं काय गेलं त्याचा. आपल्या नावावर काय जमा झालं, हे बघायला कुणी पासबुक उघडत नाही. ते उघडायचं कसं, हे इथं सांगतो. केंद्रीय कर्मचारी डोळ्यांसमोर आहे, कारण नियम मला तेच ठाऊक. राज्याचे, बँकेचे, महामंडळाचे लोक असाल तर आपापल्या आस्थापनेत विचारा. पुढचं घरातलं सगळ्यांना सारखंच.

नियम काय म्हणतो

केंद्रीय नागरी सेवा (रजा) नियम 1972, त्यातला नियम 43-अ. हयात अपत्यं दोनपेक्षा कमी असलेल्या पुरुष कर्मचाऱ्याला पत्नीच्या बाळंतपणासाठी 15 दिवसांची रजा मिळते. बाळंतपणाच्या आधी 15 दिवसांपर्यंत किंवा नंतर सहा महिन्यांपर्यंत ती घेता येते. पगार पूर्ण. रजा खात्यातून एक दिवसही वजा होत नाही. सहा महिन्यांत घेतली नाही तर ती संपली, पुढे ढकलता येत नाही, पैसेही मिळत नाहीत. आणि याच नियमात लिहिलंय की ही रजा सहसा नाकारायची नाही. ही ओळ पाठ करून ठेवा, साहेबासमोर कामी येते.

मूल दत्तक घेतलं असेल आणि ते एक वर्षाच्या आतलं असेल तर 43-अअ खाली तितकीच रजा आहे. 2024 पासून सरोगसीनं बाप होणाऱ्यालाही आहे.

कधी घ्यायची

इथंच बहुतेकांचं चुकतं. बायकोला दवाखान्यात भरती केलं त्या दिवसापासून पंधरा दिवस टाकतात, पहिले तीन-चार दवाखान्यात जातात आणि उरलेल्या दिवसांत ती बाळाला घेऊन माहेरी गेलेली असते. मग हा बाप्पा घरी बसून रंगाचं काम काढतो, नाहीतर शेगावला जाऊन येतो. गजानन महाराजांचं दर्शन घ्यावं, पण त्यासाठी ईएल आहे.

आधी तीन प्रश्नांची उत्तरं काढा. बाळंतपण कुठं, नागपुरात की तिच्या माहेरी? सव्वा महिना तिच्याजवळ कोण राहणार? आणि ती नोकरी करत असेल तर परत रुजू कधी होणार?

दोघांकडच्याही आया थकलेल्या आहेत, किंवा सिझेरियन झालंय आणि घरात तुमच्याशिवाय कुणी नाही, तर विचार करायचं कारणच नाही. दवाखान्यातून सुट्टी मिळते त्या दिवसापासून रजा घ्या. दवाखान्यातल्या दिवसांना दोन-तीन ईएल लावा. पितृत्व रजेला ईएल जोडता येते, सीएल जोडता येत नाही. दर वर्षी कुणीतरी सीएल जोडून आणतोच आणि अर्ज परत जातो.

ती माहेरी जाणार असेल, वर्धा, यवतमाळ, गोंदिया, कुठंही, तर दोन वाटा आहेत. एक म्हणजे तिथं जाऊन राहायचं. त्याबद्दल पुढे वेगळं लिहितो, कारण ते प्रकरण नाजूक आहे. दुसरी वाट मला जास्त पटते, विशेषतः ती कमावती असेल तर. रजा तिच्या रुजू होण्याच्या तारखेला लावा.

समजा ती खासगी कंपनीत आहे आणि बाळ 10 जूनला झालं. 2017 च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन मुलांना 26 आठवड्यांची प्रसूती रजा आहे, त्यातली आठ आठवड्यांपर्यंत आधी घेता येते. तिनं महिनाभर आधी घेतली असेल तर ती नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात कामावर जाणार. तुमचे सहा महिने 10 डिसेंबरच्या आसपास संपतात. म्हणजे नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारी रजा सुरू करा. पहिला आठवडा ती घरात असते, दुसऱ्यात ती ऑफिसला गेलेली असते आणि घरात बाळ आणि तुम्ही. बदली झालेला माणूस जुन्या माणसाकडून चार्ज घेतो तसाच हा चार्ज आहे. जुना माणूस खुर्चीत असताना घेतलात तर कुठली किल्ली कुठली हे कळतं. तो गेल्यावर घेतलात तर महिनाभर फोन करत बसता: "अगं, ते ग्राइप वॉटर कुठं ठेवलंय?" (ग्राइप वॉटर मुळात द्यायचंच नसतं. सहा महिने फक्त आईचं दूध. पण फोन मात्र हाच येतो.)

एक काळजी घ्या. सहा महिन्यांच्या अगदी कडेला रजा लावू नका. शेवटचा दिवसही मुदतीत बसला पाहिजे, चार दिवसांची जागा ठेवा. आणि रजेचे तुकडे करायच्या भानगडीत पडू नका, सलग घ्या. मधले रविवार रजेत मोजले जातात, पण आधीची सुट्टी आणि नंतरची सुट्टी जोडता येते. पाच दिवसांचा आठवडा असलेल्यानं सोमवारपासून रजा घेतली की मागचे शनिवार-रविवार मिळून सतरा दिवस हातात येतात. दिवाळी लागून आली तर आणखी.

अर्ज

फॉर्म 1 भरायचा, किंवा तुमच्याकडे ई-एचआरएमएस (कर्मचाऱ्यांच्या नोंदींची ऑनलाइन प्रणाली) असेल तर त्यात. कारणाच्या रकान्यात "घरगुती काम" लिहू नका. लाजून असं लिहिणारे आहेत, आणि मग ती रजा ईएलमध्ये धरली जाते. इतकंच लिहा:

"माझ्या पत्नीची प्रसूती दि. ... रोजी झाली आहे. केंद्रीय नागरी सेवा (रजा) नियम 1972 मधील नियम 43-अ नुसार दि. ... ते दि. ... अशी 15 दिवसांची पितृत्व रजा मंजूर व्हावी. सध्या मला या अपत्यासह ... हयात अपत्य आहे/आहेत. दवाखान्याचं प्रमाणपत्र सोबत जोडलं आहे."

मुलाची नोंद अजून सर्व्हिस बुकात नसेल तर कुटुंबाच्या तपशिलाचा फॉर्म त्याच दिवशी द्या. तारीख आधीच ठरलेली असते, तेव्हा महिनाभर आधी साहेबाच्या कानावर घाला आणि तुमचं टेबल कोण बघणार ते स्वतःच सुचवा. अर्ज अडतो तो नियमामुळे नाही, "याच्या फायली कोण काढणार" या प्रश्नामुळे.

टोमणे

ते होणारच. "रजा घेऊन काय करून राहिला बे घरी? दूध पाजून राहिला का?" यावर माझ्याकडे एक उत्तर आहे, ते वापरायला हरकत नाही: "नाही, ढेकर काढून राहिलो." खरंच ते बापाचं काम आहे. पाजून झालं की बाळाला खांद्यावर घ्यायचं आणि पाठीवरून हळू हात फिरवायचा, तेवढ्यात आईला डोळा लागतो.

दुसरी कुरबूर जरा वजनदार आहे. "बायांना 180 दिवस प्रसूती रजा, वर बालसंगोपन रजा 730 दिवस. त्या जातात, काम आमच्या डोक्यावर." काम डोक्यावर येतं हे खरं आहे, मी नाकारणार नाही, वाटप मीच करतो. पण सहा महिन्यांच्या रजेवर गेलेल्या बाईची तारीख मला चार महिने आधी माहीत असते. ज्या पदावर वर्षानुवर्षं कुणी भरलंच नाही त्याची तारीख मला कुणी सांगत नाही. आमच्या सेक्शनमधल्या जास्तीच्या फायली मोजल्या तर बहुतेक त्या रिकाम्या खुर्च्यांच्या निघतात. पण रिकाम्या खुर्चीला टोमणा मारता येत नाही.

आणि हा खर्च कुणी उचलायचा, हा प्रश्न जुना आहे. 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकावर बाबासाहेब बोलले, तेव्हा आईला विश्रांती मिळण्यात राष्ट्राचं हित आहे आणि हा भार बऱ्याच अंशी सरकारनं उचलावा, असं त्यांनी मांडलं होतं. आज खासगीत तो भार बराचसा मालकावर पडतो, म्हणून मालक तरुण लग्न झालेली बाई घ्यायला कचरतो. बाप रजेवर जातच नाही असं मालकानं धरून ठेवलंय तोवर हे असंच चालणार. तुमची रजा तुमच्या बायकोच्या पुढच्या मुलाखतीत कामी येते, हे लक्षात घ्या. इथं नागपुरातच 20 जुलै 1942 रोजी दलित महिला परिषदेत बाबासाहेबांनी मुलींना सांगितलं होतं की नवऱ्यापुढे त्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीनं उभ्या राहा. मुलींना सांगून झालं, पुढची पायरी पोरांची.

स्वीडननं 1974 मध्येच आई-बाप दोघांना वाटून घेता येईल अशी रजा केली. बापांनी ती बहुतेक आईलाच देऊन टाकली. मग नॉर्वेनं 1993 मध्ये आणि स्वीडननं 1995 मध्ये काही आठवडे फक्त बापाच्या नावावर ठेवले, घ्या नाहीतर सोडा. त्यानंतर बाप रजेवर जायला लागले. आपल्या 43-अ मध्येही "घ्या नाहीतर सोडा" आहेच. आपण सोडतो.

सासुरवाडीत जावई म्हणून राहायचं नाही

बाळंतपण माहेरी आणि तुम्ही तिथं जाऊन राहणार, तर सगळ्यात मोठी अडचण तुम्ही स्वतः आहात. जावई आला की घर त्याच्याभोवती फिरायला लागतं. सासूबाई बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू करायच्या त्या तुमच्यासाठी वडाभात करायला लागतात. सासरे चौकातून तर्री पोहे आणतात. म्हणजे मदतीला म्हणून गेलेला माणूस घरातलं एक काम वाढवून ठेवतो.

यावर उपाय पहिल्या चोवीस तासांत करायचा, नंतर जमत नाही. जाताना मिठाईऐवजी किराणा न्या: साजूक तूप, खारीक, डिंक, अळीव, मेथीदाणे. पोचल्यावर पहिला चहा स्वतः ठेवा. सासूबाई "अहो, तुम्ही कायले" म्हणत उठतील, तर त्यांना हात धरून बसवा आणि विचारा, "आई, रात्री किती वेळा उठावं लागते?" त्या खरं सांगतील. मग म्हणा, रात्री दोनच्या पुढचं माझं. त्या वयात झोप मोडली की दिवसभर पाय सुजतात. तुम्ही घेतलेली ही रात्रीची पाळी त्यांना साडीपेक्षा जास्त लक्षात राहते.

कपडे धुण्यावरून वाद होईल. लंगोट जावयानं धुतलेले शेजारी पाहतील म्हणून सासरे अस्वस्थ होतात. तिथं हट्ट करू नका, गच्चीवर वाळत घाला, अंगणात नको. माझं तत्त्व असं: काम करायचं, प्रदर्शन करायचं नाही. रील काढणारे बाप मला सोसत नाहीत.

एका बाबतीत मात्र गप्प बसू नका. बाळंतिणीची खोली बंद करून धुरी देणं, बाळाला मध चाटवणं, घुटी उगाळणं, यातलं काही चालू असेल तर बायको बोलू शकत नाही, तिची आई आहे. तुम्ही बोलू शकता, कारण जावयाचा शब्द पडत नाही. जावईपण वापरायचंच असेल तर इथं वापरा. "डॉक्टरांनी मला बजावून सांगितलंय" म्हणा, म्हणजे कुणाचा अपमान होत नाही.

घरी आल्यावर

2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरातल्या माणसांच्या बिनपगारी सांभाळाचं काम दिवसभरात करणारे पुरुष शंभरात 14 निघाले, बायका 28 च्या आसपास. करणाऱ्या पुरुषांचा वेळ सरासरी 76 मिनिटं, बायकांचा 134. म्हणजे पंधरा दिवसांत तुम्हाला काय शिकायचंय ते स्पष्ट आहे: मदत करणं नाही, एक काम पूर्ण स्वतःचं करून घेणं. मदत करणाऱ्याला दर वेळी सांगावं लागतं. मी पोट्ट्यांना दोनच कामं सुचवतो, अंघोळ आणि लस.

अंघोळ, कारण मालिशवाली बाई रोज येत नाही आणि आली तरी महिन्यानं सुटते. पाणी कोपरानं तपासा, हातानं नाही. नागपुरात मे महिन्यात टाकीचं पाणी दुपारी इतकं तापतं की ते थंड करून घ्यावं लागतं, म्हणून सकाळी लवकर उरका. कुलरचा झोत बाळावर सरळ येऊ देऊ नका, पण 45 अंशांत खोली बंद करून दुपट्यात गुंडाळूही नका.

लसीसाठी कार्ड तुमच्या ताब्यात घ्या. बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि हेपटायटिस बी दवाखान्यातच होतात. पुढच्या दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या. मनपाच्या आरोग्य केंद्रात त्या फुकट मिळतात. तिथं लसीचा वार ठरलेला असतो, तो आधी विचारून घ्या.

बायको कामावर गेल्यानंतरच्या आठवड्यात काढून ठेवलेलं दूध वाटी-चमच्यानं पाजा. आपल्या हवेत ते बाहेर ठेवायचं नाही, सरळ फ्रिजमध्ये. बाळ पहिले दोन दिवस तोंड फिरवेल आणि तुम्हाला वाटेल की हे आपल्याकडून होत नाही. तिला फोन करू नका. तिसऱ्या दिवशी पितं.

जन्मदाखलाही याच काळात काढून घ्या. दवाखाना नोंद करतो, पण नाव घालायला जावं लागतं. बारा महिन्यांच्या आत ते विनाशुल्क होतं. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांचं नाव महाराष्ट्राच्या सरकारी कागदांवर असं लिहायचं: मुलाचं नाव, मग आईचं, मग बापाचं, मग आडनाव. आमच्याकडे एकानं यावर तोंड पाडलं होतं, "माझं नाव तिसऱ्या नंबरवर गेलं." मी म्हटलं, नऊ महिने कोणत्या नंबरवर होतास?

खासगीत असाल तर

हिंगणा, बुटीबोरीच्या कारखान्यांतल्या पोरांना यातलं काही कायद्यानं नाही. 2017 मध्ये पितृत्व लाभाचं एका खासदाराचं खासगी विधेयक लोकसभेत आलं, कायदा झाला नाही. 50 किंवा जास्त कामगार असले की पाळणाघर लागतं, पण तिथं दिवसातून चार वेळा जाऊन येण्याची मुभा आईलाच लिहिली आहे. मूल हे आईच्याच खात्यावर आहे असं कायदाच धरून चालतो, आणि त्यात नुकसान बापाचंही आहे. ही तक्रार रास्त आहे, ती जरूर करा. फक्त ती बायकांकडे नको, मालकाकडे करा: युनियन असेल तर पुढच्या वेतन कराराच्या मागणीपत्रात पितृत्व रजा घाला. काही कंपन्या स्वतःहून देतात, तेव्हा आधी एचआरला लेखी विचारा, तोंडी नाही. काहीच नसेल तर स्वतःची पगारी रजा साठवा आणि तीन महिन्यांसाठी रात्रपाळी बदलून मागा. मालकाला रजेपेक्षा पाळी देणं सोपं जातं.

एकटा बाप असेल, म्हणजे पत्नी वारली, घटस्फोट झाला किंवा लग्नच केलं नाही, तर केंद्राची बालसंगोपन रजा डिसेंबर 2018 पासून त्यालाही आहे. मूल 18 वर्षांचं होईपर्यंत एकूण 730 दिवस, पहिले 365 पूर्ण पगारी, पुढचे 80 टक्के पगारावर. एका वेळी पाच दिवसांपेक्षा कमी नाही. दहावीच्या परीक्षेसाठीही घेता येते. विधुर माणसं हे कधीच विचारत नाहीत. तुमच्या सेक्शनमध्ये असा कुणी असेल तर तुम्हीच त्याला बाजूला घेऊन सांगा.

दुसऱ्या मुलानंतर नसबंदीचा विचार करत असाल तर त्यालाही पुरुषाला विशेष नैमित्तिक रजा आहे. बिनटाक्याची शस्त्रक्रिया, त्याच दिवशी घरी. मात्र पुढचे तीन महिने दुसरं साधन वापरावंच लागतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत स्त्री नसबंदी 37.9 टक्के आणि पुरुष नसबंदी 0.3 टक्के होती. सिझेरियन झालेल्या बाईला आणखी एक शस्त्रक्रिया सांगण्याआधी हे दोन आकडे एकदा बघा.

रजेवरून परत आल्यावर रुजू अहवाल द्या आणि त्याच दिवशी लसीच्या उरलेल्या तारखांना सीएलचे अर्धे दिवस टाकून ठेवा. दुपारनंतरचा अर्धा घ्या. सुई सकाळी टोचतात, ताप संध्याकाळी चढतो.